पडवीची भिंत रंगवायच्या आधी

आचरे, ता. मालवण
नागपंचमी

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी पानं मिळाली. मोबाईलवर वाचताना डोळ्यांना त्रास होतो, म्हणून पुतण्याला सांगून छापून घेतली आणि तीन वेळा वाचली. आजोबांच्या वर्षश्राद्धाला छोटीशी पुस्तिका काढायची, वाड्यावाड्यांत वाटायची, हा तुझा विचार मला फार आवडला. तू लिहिलं आहेस, "सिस्टर आजी, कसं झालंय ते खरंखरं सांगा." तर सांगते. 'थोर', 'निःस्वार्थी', 'देशभक्त' आणि 'सेवाव्रती' हे शब्द पहिल्या पानावर मिळून अकरा वेळा आलेत. खोटा त्यातला एकही नाही, पण कुणाच्याही फोटोखाली लावता येतील असे ते शब्द आहेत. ज्या माणसाबरोबर मी एकवीस वर्षं पाणंदी तुडवल्या, तो मला त्या पानावर भेटला नाही.

दुसरी गोष्ट. लढाईला तू आठ पानं दिलीस आणि आरोग्य खात्याला दीड. फौजेत ते १५ वर्षं होते, १९६१ ते १९७६. खात्यात २३ वर्षं, १९७७ ते २०००. नुसता वर्षांचा हिशेब करून पानं वाटून दे, असं मी म्हणणार नाही. पण हे उलटं का झालं याचा विचार कर. लढाईत काहीतरी घडतं, त्यामुळे ते सांगता येतं. तुझ्या आजोबांचं, म्हणजे आमच्या भाऊंचं, पुढचं सगळं आयुष्य काहीतरी घडू नये म्हणून गेलं. अमक्या वाडीत साथ आली नाही, तमक्या पोराला पोलिओ झाला नाही, ही गोष्ट सांगायची कशी? तुझी अडचण मला समजते. म्हणूनच हे पत्र लांबणार आहे. चहा घेऊन बस.

आधी फौजेचं. तू लिहिलंस, "आजोबांनी शत्रूला धूळ चारली." बाळा, ते आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होते. जखमींना उचलून आणणं, रक्त थांबवणं, ड्रेसिंग करणं, रात्रभर उशाशी बसणं हे त्यांचं काम होतं. त्यांनी कुणाला मारल्याची गोष्ट मला कधी सांगितली नाही. वाडीतली पोरं "किती मारलेत?" म्हणून विचारायची, तेव्हा ते म्हणायचे, "आम्ही मोजायचो ते जिवंत आणलेले." हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय, एकदा सोडून अनेकदा. ते लिही आणि धूळ चारल्याचं काढून टाक.

त्यांची काळी पत्र्याची ट्रंक माळ्यावर असेल. पदकं तिच्यात तांबड्या फडक्यात बांधलेली असायची: १९६५ चा समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, १९७१ चा पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल. नुसता फोटो काढून छापू नकोस. पदक हातात घे आणि कडेवर बघ. तिथे नंबर, हुद्दा, नाव बारीक अक्षरांत कोरलेलं असतं. त्याच ट्रंकेत डिस्चार्ज बुक असायला हवं. भरती कधी, कुठे कुठे नेमणूक, कोणता शेरा मिळाला, सगळं त्यात मिळतं. ते वाळवीने खाल्लं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. मेडिकल कोअरचं रेकॉर्ड ऑफिस लखनौला आहे, तिकडे कसं लिहायचं ते तिथली माणसं समजावतील. आजीचं पेन्शन ज्या कागदावर सुरू आहे त्यावर नंबर आहेच. खात्यातलं सेवापुस्तक वेगळं, ते जिल्हा परिषदेकडे. तारखा आधी पक्क्या कर, मग लिहायला बस. तुझ्या मजकुरात ते निवृत्तीनंतर 'लगेच' खात्यात आले असं आहे. मधलं एक वर्ष त्यांनी घरी भातशेती केली आणि त्याच वर्षी तुझ्या पणजोबांचं दुखणं काढलं. ते वर्ष सोडू नकोस.

खात्यात ते आले तो काळ कसा होता, हे सांगितल्याशिवाय त्यांच्या कामाचं मोल वाचणाऱ्याला कळणार नाही. एकदा देशात मलेरिया जवळजवळ हटला होता. १९६५ च्या सुमारास वर्षाचे रुग्ण लाखाच्या आसपास उतरले होते. मग सगळे निर्धास्त झाले, फवारणी आणि घरभेटी ढिल्या पडल्या, डासांना डीडीटी पचायला लागलं, आणि १९७६ मध्ये आकडा ६४ लाखांवर गेला. पुढच्याच वर्षी सुधारित योजना आली. त्या भरतीत माजी सैनिक म्हणून तुझे आजोबा लागले. मी १९७९ ला नर्स म्हणून आले, वीस वर्षांची, घाटावरून, पोहायला न येणारी. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हाही नव्हता, सगळं रत्नागिरीच. १९८१ मध्ये वेगळा झाला.

काम काय, तर दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी जायचं. "कुणाला ताप आहे का? येऊन गेला का? पाहुणा आलाय का?" एवढं विचारायचं. ताप असेल तर बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचं, एक जाड थेंब आणि एक पातळ, क्लोरोक्विनच्या चार गोळ्या समोर गिळायला लावायच्या, आणि दारामागच्या भिंतीवर तारीख टाकून सही करायची. लिहायला बसलं की दोन ओळींत संपतं. पण तू हे दोन ओळींत संपवू नकोस. पावसाळ्यात जाड थेंब वाळत नाही. काचपट्टी पिशवीत ठेवावी तर पुसली जाते, ओटीवर ठेवावी तर मुंग्या आणि माश्या रक्त खाऊन टाकतात. भाऊ भाताच्या सुपाखाली काचपट्ट्या झाकायचे आणि शेजारी बसून राहायचे. त्या अर्ध्या तासात त्या घराची सगळी खबर त्यांना मिळायची: गाय व्यालेली, सून रुसलेली, मुंबईचा झील, म्हणजे मुलगा, पैसे पाठवत नाही. पोरं लांबूनच ओरडायची, "पळा रे, रगत काढूक इले!" आणि एक म्हातारी मला आठवते, खाडीकाठच्या शेवटच्या घरातली. ती म्हणायची, "माझो झील वर्साक एकदा येता, तुमी पंधरा दिवसांनी येतास." तिच्या घरात कधीच कुणाला ताप नसायचा, ती एकटीच होती. तरी भाऊंनी ते घर कधी चुकवलं नाही.

आता मी तुला माझ्याबद्दलची एक गोष्ट सांगते. ती आजवर फक्त तुझ्या आजीला माहीत आहे. तुला वाटलं तर छाप, माझी ना नाही. नोकरीचं दुसरं वर्ष. आषाढात साकव वाहून गेला होता आणि पलीकडच्या वाडीत मी लसीकरणापूर्वीच्या भेटीला गेलेच नाही. घरी बसून रजिस्टर भरलं, अठरा घरं, सगळी 'ठीक'. भाऊंनी पान बघितलं आणि इतकंच विचारलं, "सिस्टर, चप्पल कोरडी कशी?" दुसऱ्या दिवशी पहाटे ते होडी घेऊन दारात. दिवसभर अठरा घरं फिरलो. काही निघालं नाही. कुणाला ताप नाही, गोवर नाही, सगळी मुलं अंगणात धडधाकट. तुला वाटत असेल की काहीतरी भयंकर सापडलं आणि मला धडा मिळाला. तसं झालं नाही, म्हणूनच सांगते. संध्याकाळी त्यांनी मला कालच्या नोंदीवर एक रेघ मारायला लावली, खाली खरी तारीख, सही. खाडाखोड नाही, पान फाडणं नाही. ना वरिष्ठांना सांगितलं, ना पुन्हा कधी तो विषय काढला. पुढच्या नोकरीत मी कितीतरी चुका केल्या असतील, पण न गेलेल्या घरापुढे 'ठीक' लिहिलं नाही.

मोठ्या पावसातल्या गॅस्ट्रोच्या रात्रीबद्दल तुझ्या बाबांनी तुला सांगितलं आहे, पण अर्धवट. ती हकीकत अशी. निरोप आला तेव्हा त्या वाडीत चौदा माणसं आडवी होती. आम्ही पोचायच्या आधीच एक म्हातारे गृहस्थ गेले होते. "आजोबांनी सर्वांचे प्राण वाचवले" असं तू लिहिलंस, ते दुरुस्त कर. त्या घरातली माणसं पुस्तिका वाचतील तेव्हा त्यांना काय वाटेल? सलाईनच्या बाटल्या आमच्याकडे चार होत्या. भाऊंनी त्या चौघांना लावल्या ज्यांना गिळता येत नव्हतं. बाकीच्यांसाठी प्रत्येक चुलीवर पाणी चढवलं. लिटरभर पाण्याला सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. साखर संपली तेव्हा उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून. घराघरांतल्या बायकांना वाटी-चमचा घेऊन बसवलं आणि सांगितलं, ओकला तरी दहा मिनिटं थांबून पुन्हा पाजा, थेंबाथेंबाने पाजा. उजाडेपर्यंत आम्ही घरं मोजत फिरत होतो. नंतर कुणी गेलं नाही.

पहाटे एका पडवीत बसलो असताना त्यांनी १९७१ चं सांगितलं. एकदाच. पूर्वेकडच्या निर्वासितांच्या छावण्या, चिखल, पटकीने मरणारी पोरं, आणि सलाईन संपल्यावर पिंपांत मीठ-साखर कालवून पाजणारी माणसं. "तेव्हा मला वाटलं होतं, ही थट्टा आहे. मीठपाण्याने पटकी जाते होय? मग डोळ्यांनी बघितलं," असं म्हणाले.

इथे तुला एक जपून करायचं आहे. या विषयाचा इतिहास तुला सहज मिळेल. त्या वर्षी सुमारे एक कोटी माणसं सीमेपलीकडून आली होती. बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण पाजलं, आणि शंभरात तीसजण दगावत होते तिथे मृत्यू चारांच्याही खाली आले. जगाने नंतर हाच उपाय उचलला. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. हे सगळं खरं आहे आणि तुझ्या पुस्तिकेत चौकट म्हणून शोभेल. पण भाऊंनी माझ्याजवळ बनगावचं नाव घेतलं नाही, डॉक्टरांचंही नाही. तेव्हा "आजोबांनी महालनबीसांबरोबर काम केलं" असं लिहायचा मोह होईल, तो आवर. त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या नावावर, इतिहासातलं ते इतिहासाच्या नावावर. डिस्चार्ज बुकात काही सापडलं तर मला आधी कळव, मलाही जाणून घ्यायचंय.

त्या वाडीची खरी गोष्ट सकाळी सुरू झाली, आणि माझ्या मते तुझ्या पुस्तिकेतलं सगळ्यात मोठं प्रकरण हे व्हावं. सगळे झोपले, भाऊ बावीवर, म्हणजे विहिरीवर, गेले. बाव खालच्या अंगाला, वर सडा, म्हणजे कातळाचा माळ. माणसं परसाकडला सड्यावर जायची आणि पहिल्या मोठ्या सरीला सगळं वाहून बावीत. त्यांनी खिशातून गाठी मारलेली सुतळी काढली, रुंदी मोजली, दगड बांधून खोली मोजली. तीन मीटर रुंद, दोन मीटर पाणी, म्हणजे साधारण १४ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर), म्हणजे ३५ ग्रॅम. पण कोकणातल्या पावसाळी हवेत ती पावडर 'चांगली' राहते कुठे? दमट हवेने तिच्यातला क्लोरीन उडतो, उरतो तो चुना. तेव्हा किती टाकायची हे हॉरॉक्सच्या पेटीने ठरवायचं. सहा पांढरे कप, एक काळा कप, निळा रंग कोणत्या कपात येतो ते बघायचं. ही तपासणी मुळात फौजेतली, हॉरॉक्स हा इंग्रजी फौजेतला डॉक्टर. भाऊ ती फौजेत शिकले होते. पावडर बादलीत कालवून, गाळ बसू देऊन, वरचं निवळ पाणीच बावीत सोडायचं, बादली खालीवर करून ढवळायचं आणि तासभर कुणाला पाणी भरू द्यायचं नाही. तो तास ते बावीच्या काठावर उभे होते. कळशा घेऊन बायका उभ्या, पोटात अन्न नाही, आणि हे म्हणतात थांबा.

पुढची चार वर्षं, जून ते सप्टेंबर, ते त्या बावीवर आठवड्याला जात होते. त्याची बातमी कुठे आली नाही, येण्यासारखं काही घडलंच नाही. ग्रामपंचायतीचं जुनं टीसीएल रजिस्टर कुठे कपाटात असेल तर माग. एका पानाचा फोटो छाप, नुसत्या तारखा. मला वाटतं ते पान तुझ्या आठ पानांइतकं बोलेल.

माणसांना भेटायला जाशील तेव्हा "आजोबा कसे होते?" असं विचारू नकोस. सगळे "देवमाणूस" म्हणतील आणि चहा देतील. असं विचार: ते आले की कुठे बसायचे? पिशवीत काय असायचं? तुमच्यावर कधी रागावले? तुम्ही त्यांना कधी फसवलंत? गोळ्या गिळल्याचं दाखवून परसात थुंकणारे आता सत्तरीचे झालेत, ते आनंदाने कबूल होतील. ज्याला विंचू चावला होता त्याला विचार. लोक आधी देवळात पळायचे. भाऊंनी कधी देवाला नावं ठेवली नाहीत. म्हणायचे, "गाऱ्हाणं घाला, पण एकाला गाडी सांगायला धाडा." महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा गुण दाखवला, त्यावरचं वर्तमानपत्रातलं कात्रण त्यांनी किती दिवस पाकिटात ठेवलं होतं. कोकणात काम करणाऱ्या एका डॉक्टरने कोकणातलं मरण अडवलं, याचा त्यांना फार अभिमान होता. हत्तीरोगाच्या रात्रीच्या पाहणीचंही कुणीतरी सांगेल. त्या रोगाचे जंतू रक्तात रात्री वर येतात, म्हणून आठ-नऊनंतर कंदील घेऊन घरोघर जावं लागे, आणि कुत्री आधी, माणसं नंतर भेटत.

भेटी दुपारी कर, जेवणं झाल्यावर. फोनवर आवाज घ्यायचा असेल तर आधी विचार. आणि लवकर जा. मी यादी करायला घेतली, अठ्ठावीस नावं आठवली, त्यातली अकराच आता आहेत.

एका बाबतीत मात्र मी तुला हात जोडून सांगते. कुष्ठरोगाच्या रुग्णांपैकी कुणाचंही नाव, वाडी, नातं, काही लिहू नकोस. आधी वर्षानुवर्षं डॅप्सोनच्या गोळ्या आणि नंतर बहुविध औषधांची पाकिटं भाऊ स्वतः पोचवत. एका घरी जायचं तर ते त्या रांगेतल्या सातही घरी थांबायचे. सहा घरांत पाणी प्यायचे, सातव्यात पाकीट द्यायचे, म्हणजे हे कुणासाठी येतात ते कुणाला कळू नये. त्या माणसाचा आजार पूर्ण बरा झाला, मुलांची लग्नं झाली, गावाला आजही पत्ता नाही. सातातलं कोणतं घर, हे मलाही ते सांगत नसत. हे असंच लिही, नावाशिवाय. वाचणाऱ्याला पुरेल.

आता आजी. तुझ्या एकवीस पानांत आजीचा उल्लेख दोनदा आहे आणि दोन्ही वेळा 'त्यांच्या पत्नी' असा. मला वाईट वाटलं. उपकेंद्राला तेव्हा इमारत नव्हती, तुमच्याच घराची पडवी होती, हे तुला माहीत आहे का? काचेच्या सिरिंजा आणि सुया आजीच्या चुलीवर उकळायच्या. एका चुलीवर भात, दुसरीवर सुया, वीस मिनिटं घड्याळ लावून. लस एसटीने यायची. बर्फ वितळायच्या आत ती उतरवून घ्यायला भाऊ फिरतीवर असतील तर आजी स्टँडवर जायची, पदराखाली डबा धरून, ऊन लागू नये म्हणून. लावणी, मळणी, तीन मुलं, सासूचं आजारपण तिनेच काढलं. कुठल्या मस्टरवर तिचं नाव नाही. पगार तर नाहीच. आधी तिच्याकडे बस. ती "माका काय म्हायत नाय" म्हणेल, उठून जाईल, भांडी घासायला घेईल. तू पण बस भांडी घासायला. बोलेल.

आणि बाबांशीही बोल. ते सोपं नाही, मला माहीत आहे. वडिलांनी पंधरा वर्षं फौजेत काढली आणि परत आले ते गावभरच्या पोरांचे ताप बघायला. ज्या दिवशी तुझ्या बाबांचा दहावीचा निकाल होता, त्या दिवशी भाऊ पलीकडच्या वाडीत होते. तुझ्या पणजीला शेवटचं पाणी द्यायलाही ते पोचले नाहीत, पोलिओचा रविवार होता. त्यांनी ते मनाला लावून घेतलं होतं. निवृत्तीच्या निरोपाला मला म्हणाले, "सिस्टर, घरची भेट राहिली." हे पुस्तिकेत यायला हवं. बाबा नको म्हणाले तर वाद घालू नकोस, पण एकदा विचार. चांगल्या माणसाने आपल्या घराला काय दिलं नाही, हेही त्याच्या मुलाने सांगावं आणि नातीने लिहावं, यात त्याचा अपमान नाही. माझ्या मनात तरी त्यांची किंमत यामुळे वाढतेच.

२०२० चं तू चांगलं लिहिलंस, ते तसंच ठेव. मुंबईचे चाकरमानी शाळेत चौदा दिवस ठेवले होते, गाव आपल्याच पोरांना घाबरत होतं, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा रोज सकाळी गडग्याबाहेर खुर्ची टाकून एकेकाला नावाने हाक मारून ताप विचारत होता. इथे एकही विशेषण नाही, आणि तुझा हात इथेच मोकळा चाललाय. मी त्या परिच्छेदाखाली पेन्सिलीने रेघ मारली आहे.

शेवटी, मला न दिसलेला माणूस तुला दिसलाय. मला भाऊ माहीत आहेत, आजोबा नाहीत. २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाल्याची बातमी आली, तेव्हा ते माझ्या घरी पेढे घेऊन आले होते, तुझं बोट धरून नव्हे, तू तेव्हा चांगली उंच झाली होतीस आणि पुढे चालत होतीस. ओटीवर बसून ते गप्प होते आणि तू त्यांना पाणी आणून दिलंस, आधी हात धुऊन. ते हात धुणं त्यांनी तुला कसं शिकवलं? नखं कोण कापायचं? ताप आला की कपाळाला हात लावून काय म्हणायचे? हे दुसरं कुणी लिहू शकणार नाही.

माझ्या पुतण्याकडून कळलं की गणपतीच्या आधी तुमच्या घराला रंग काढायचा आहे आणि रंगारी पुढच्या आठवड्यात येणार. बाबांना आजच फोन कर. पडवीच्या आतल्या दारामागे, डाव्या हाताला, तुझी उंची लिहिलेली आहे, तू तीन वर्षांची असल्यापासून. प्रत्येक रेघेपुढे तारीख आणि खाली त्यांची आखूड सही, जशी ते चाळीस वर्षांपूर्वी प्रत्येक घराच्या दारामागे करायचे, अगदी तश्शी. मी गेल्या वर्षी दिवसकार्याला आले होते तेव्हा बघितली. तिच्या बरीच खाली, चुन्याच्या थराआड, पडवी उपकेंद्र होती तेव्हाच्या तारखाही नखाने खरवडलं तर दिसतात.

रंगाऱ्याला म्हणावं, तेवढा दाराआडचा भाग सोड. आणि येताना चांगला कॅमेरा घेऊन ये, सकाळी नऊच्या सुमारास तिथे ऊन येतं.

तुझी,
सिस्टर आजी